संगणक सुरू होताना डिस्कवरची पहिली फाइल कोण उघडतं?

अक्षरगंगा
नमस्कार मंडळी,
ज्युनिअर कॉलेजात मी अकरावी-बारावीला संगणकशास्त्र शिकवते. बूटिंगवर चार ओळी सांगून आम्ही पुढे जातो: वीज मिळते, पोस्ट (हार्डवेअरची स्वतःची तपासणी) होते, ऑपरेटिंग सिस्टिम रॅममध्ये लोड होते, डेस्कटॉप दिसतो. परवा वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, डिस्कवरची फाइल उघडून देणं हे ऑपरेटिंग सिस्टिमचं काम. मग ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची फाइल कोण उघडून देतं?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. कपाटाची किल्ली आत ठेवून कपाट लावून घेतल्यासारखी गत. रॅम रिकामी, आणि डिस्क वाचता येणारा प्रोग्राम डिस्कवरच. 'बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधला सुरुवातीचा प्रोग्राम, करतो' असं सांगून वेळ मारून नेता येईल, पण मग बायोसला विंडोजची आणि लिनक्सची, दोन्हींची फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) कळते का? इथे हार्डवेअरवाले आणि जुने डॉसवाले बरेच आहेत. मुलांना समजेल असं पण खरं उत्तर हवंय. सोपं करण्याच्या नादात खोटं शिकवायचं नाही.

घाटमाथा
त्या मुलीला माझ्यातर्फे एक मोठं चॉकलेट द्या. चहा घेऊन बसलोय, येऊ द्या प्रतिसाद.

शून्यएक
फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच साठवलेलं सॉफ्टवेअर, हेच माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी जुनी बायोसची पद्धत घेऊ, कारण तिच्यात प्रत्येक पायरी उघडी दिसते.

प्रोसेसर रीसेटमधून बाहेर आला की त्याला एकच गोष्ट पक्की ठाऊक असते: पहिली सूचना कुठल्या पत्त्यावरून आणायची. हा पत्ता चिप बनवतानाच ठरलेला असतो. १९८१ च्या आयबीएम पीसीतल्या ८०८८ साठी तो १ एमबीच्या टोकापासून १६ बाइट अलीकडे होता. ३८६ पासून पुढे तो ४ जीबीच्या टोकापासून १६ बाइट अलीकडे गेला. त्या पत्त्यावर रॅम नसते, मदरबोर्डवरची रॉम किंवा फ्लॅश चिप असते. १६ बाइटांत मावणार काय? एक उडी, बस. ती बायोसच्या मुख्य भागात नेऊन सोडते.

बायोस रॅम, कीबोर्ड, स्क्रीन, डिस्क कंट्रोलर तपासून कामाला लावतो. मग सेटअपमध्ये ठरलेल्या क्रमानं एकेक ड्राइव्ह बघतो. ड्राइव्हचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, जसाच्या तसा उचलून रॅममध्ये ७सी०० या (हेक्स, म्हणजे सोळाच्या अंकपद्धतीतल्या) पत्त्यावर ठेवतो. त्यातले शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए असले की प्रोसेसरला थेट तिथे पाठवतो. बायोसचं काम इथे संपलं.

तुमच्या विद्यार्थिनीचं उत्तर याच ठिकाणी आहे. बायोस कुठलीही फाइल उघडत नाही. फाइल, फोल्डर, फॅट किंवा एनटीएफएससारख्या फाइल सिस्टिम, यातलं त्याला काहीही कळत नाही. 'अमुक नंबरचा सेक्टर आण' एवढंच त्याला येतं. फाइल नावाची गोष्ट या साखळीत बरीच नंतर येते.

अक्षरगंगा
शून्यएक, मनापासून आभार. आता दोन उपप्रश्न. ५१२ बाइटांत विंडोज सुरू करण्याइतकी अक्कल कशी मावते? आणि ७सी०० हाच पत्ता का? इतका अडनिडा आकडा कुणी मुद्दाम निवडला असेल असं वाटत नाही.

डॉसकालीन
मॅडम, ५१२ सुद्धा पूर्ण मिळत नाहीत. हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. त्यात प्रोग्रामसाठी ४४६ बाइट, पार्टिशन टेबलसाठी (डिस्कच्या भागांच्या यादीसाठी) ६४, आणि खुणेचे २. टेबलात १६ बाइटांच्या चारच नोंदी, म्हणून चारच प्रायमरी पार्टिशन.

४४६ बाइटांतला तो प्रोग्राम विंडोज सुरू करतच नाही. तो आधी स्वतःची नक्कल रॅममध्ये दुसरीकडे, डॉसच्या बाबतीत ६०० या पत्त्यावर, करतो आणि ७सी०० ची जागा मोकळी करतो. मग चार नोंदींत ८० हा बाइट कुणापुढे आहे ते बघतो. ती ॲक्टिव्ह पार्टिशन. तिचा पहिला सेक्टर पुन्हा त्याच ७सी०० वर आणतो आणि उडी मारतो. म्हणजे या दुसऱ्या सेक्टरला वाटतं की आपल्याला थेट बायोसनंच बोलावलं. एकच बूट सेक्टर फ्लॉपीवर आणि हार्ड डिस्कवर, दोन्हीकडे चालावा म्हणून ही युक्ती. १९८३ मध्ये पीसी एक्सटीबरोबर हार्ड डिस्क आली आणि डॉस २.० बरोबर ही रचना आली.

पार्टिशनच्या त्या सेक्टरला आपली फाइल सिस्टिम थोडीशी कळते. डॉसमध्ये तो मूळ डिरेक्टरीत आयओ.सिस शोधायचा. 'थोडीशी' म्हणतोय कारण जुन्या डॉसमध्ये ही फाइल डिरेक्टरीत पहिलीच असावी लागे. म्हणून नुसती कॉपी करून बूट फ्लॉपी होत नसे, फॉरमॅट करताना '/एस' द्यावा लागे किंवा सिस कमांड चालवावी लागे. पुढची माळ जुन्या लोकांना तोंडपाठ असेल: आयओ.सिस, एमएसडॉस.सिस, कॉन्फिग.सिस, कमांड.कॉम, ऑटोएक्झेक.बॅट.

शून्यएक यांच्या एका वाक्याशी मात्र मी सहमत नाही. बायोसचं काम ७सी०० ला संपत नाही. डॉस शेवटपर्यंत डिस्क वाचायला बायोसच्याच इंटरप्ट १३ ला (डिस्क वाचून देणाऱ्या तयार सेवेला) हाक मारत असे. बूट लोडरही (ऑपरेटिंग सिस्टिम रॅममध्ये आणणारा प्रोग्राम) तेच करतो. ४४६ बाइटांत काम भागतं ते याचमुळे, डिस्कचा ड्रायव्हर आत कोंबायची गरजच नसते.

शून्यएक
डॉसकालीन, मान्य. वाचकांनी 'सूत्रं सोपवली, नोकरी सोडली नाही' असं समजावं. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) प्रोसेसरच्या प्रोटेक्टेड मोडमध्ये गेला आणि स्वतःचे ड्रायव्हर वापरू लागला की मग बायोसला कुणी विचारत नाही.

७सी०० चं गणित सरळ आहे. पहिल्या पीसीवर डॉसला किमान ३२ केबी रॅम लागेल असं धरलं होतं. रॅमच्या तळाशी इंटरप्टचे पत्ते आणि बायोसची माहिती, त्यामुळे ती जागा गेली. वरच्या पत्त्यांना जितकं टोकाला जाता येईल तितकं बरं, म्हणजे मधली सलग जागा डॉसला मोकळी. टोकाचे ५१२ बाइट बूट सेक्टरच्या कामकाजाला सोडले, त्याखालचे ५१२ खुद्द सेक्टरला. ३२,७६८ मधून १,०२४ गेले, राहिले ३१,७४४. हाच आकडा हेक्समध्ये ७सी००. वर्गात फळ्यावर करून दाखवा, मुलांना फार आवडेल. पुढे मशीनवर गिगाबाइट्स आल्या तरी कुणी हा पत्ता बदलला नाही, कारण बदलला की आधीचा प्रत्येक बूट सेक्टर बंद पडला असता.

निशिगंध
मी काही तांत्रिक नाही, पण वाचायला मजा येतेय. आमच्या जुन्या डब्यावर एकदा 'नो रॉम बेसिक, सिस्टिम हॉल्टेड' असं आलं होतं. आम्हाला बेसिक शिकायचंच नव्हतं, मग ते बेसिक का मागत होतं?

डॉसकालीन
निशिगंधताई, हा प्रश्न लॅमिंग्टन रोडवर मशीन जोडायचो तेव्हा आठवड्याला एकदा तरी यायचा. आयबीएमच्या पहिल्या पीसीत बेसिक भाषा रॉममध्येच होती. फ्लॉपी नसली तर मशीन सरळ बेसिकमध्ये उघडायचं आणि कॅसेटवर प्रोग्राम साठवायचा. डिस्कवर काहीच सापडलं नाही की रॉममधल्या बेसिककडे जायचं हा रिवाज बायोसमध्ये राहून गेला. इतर कंपन्यांच्या मशीनवर ते बेसिक नव्हतं, म्हणून हा मेसेज. बहुतेक वेळा कारण एकच: कुठलीच पार्टिशन ॲक्टिव्ह नाही. एफडिस्क या डॉसच्या पार्टिशन प्रोग्राममध्ये जाऊन ॲक्टिव्ह केली की मशीन सुरू.

मॅडम, मुलांना हे जरूर सांगा. स्क्रीनवर कुठला मेसेज आलाय त्यावरून साखळी कुठे तुटली ते कळतं. 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम' आलं तर मास्टर बूट रेकॉर्ड चालला, पार्टिशनही मिळाली, पण तिच्या सेक्टरवर ५५ एए नाही. 'नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर' म्हणजे तो सेक्टरही चालला, पण पुढच्या फाइली नाहीत. दहापैकी नऊ वेळा ए ड्राइव्हमध्ये कुणाची तरी फ्लॉपी राहिलेली असे. 'एनटीएलडीआर इज मिसिंग' म्हणजे तेच एक्सपीवर: पार्टिशनचा सेक्टर चालला, पण त्याला एक्सपीचा लोडर मिळाला नाही. मेसेज लिहिणारा प्रोग्राम जिवंत आहे, त्याच्या पुढचा मेलाय. हे एकदा डोक्यात बसलं की उगाच पूर्ण फॉरमॅट मारायची वेळ येत नाही. त्या काळी किती लोकांचा डेटा या अज्ञानापायी गेला, आजही वाईट वाटतं.

घाटमाथा
'मेसेज लिहिणारा जिवंत आहे, त्याच्या पुढचा मेलाय' हे वाक्य वहीत लिहून घेतलं. +१

तुंगभद्र
लिनक्सवाल्यांतर्फे हजेरी. याच तत्त्वाचा सुंदर नमुना म्हणजे लिलो, वेर्नर आल्मेसबेर्गर यांचा बूट लोडर. तो स्क्रीनवर स्वतःचं नाव एकेक अक्षरानं छापायचा आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एक पायरी पार. नुसतं 'एल' आलं तर पहिला टप्पा चालला, दुसरा वाचता आला नाही. 'एलआय' वर थांबला तर दुसरा टप्पा वाचला पण चालवता आला नाही. पूर्ण 'लिलो' आलं की सगळं ठीक. इतक्या कमी जागेत इतकं सोयीचं निदान मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

लिलोला फाइल सिस्टिम अजिबात कळत नव्हती. कर्नल डिस्कवर कुठल्या कुठल्या सेक्टरांत आहे याची यादी तो आधीच बनवून ठेवायचा. म्हणून नवा कर्नल टाकला की 'लिलो' कमांड पुन्हा चालवावी लागे, नाहीतर यादी जुनीच आणि मशीन अडकलेलं. ग्रब या दुसऱ्या बूट लोडरनं हे बदललं. त्याचा पहिला तुकडा एका सेक्टरात बसतो आणि जेमतेम पुढचा तुकडा आणतो. तो मोठा तुकडा मास्टर बूट रेकॉर्ड आणि पहिली पार्टिशन यांच्यामधल्या मोकळ्या जागेत असतो. त्याला ईएक्सटी४ वगैरे लिनक्सच्या फाइल सिस्टिम खरोखर वाचता येतात. म्हणून ग्रबच्या मेनूत बसून आपण फाइलचं नाव टाइप करू शकतो, डिरेक्टरी बघू शकतो. 'ग्रब रेस्क्यू' असं काळ्या पडद्यावर दिसलं की नवखे घाबरतात, पण ती आशेची जागा आहे: मोठा तुकडा चालू आहे, फक्त त्याची मॉड्यूल ठेवलेली पार्टिशन सापडत नाहीये.

चहाटळ
आमच्या हॉस्टेलवर कुणाचं मशीन 'एलआय' वर अडकलं की पोरं ओरडायची, "एजंट आला रे, पुढचा 'सी' कुठाय?" :)

पैलतीर
धागा छान आहे, पण थोडा विरोध नोंदवतो. ५१२ बाइट, ७सी००, ॲक्टिव्ह पार्टिशन हे सगळं इतिहासजमा होत चाललंय. तुमच्या विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर यातलं काहीच घडत नाही. त्यांना बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर, यूईएफआय, शिकवा.

आणि मूळ प्रश्नाचं उत्तरच यूईएफआयमध्ये उलटं होतं. शून्यएक म्हणाले की बायोस फाइल उघडत नाही. यूईएफआय उघडतं! डिस्कवर ईएफआय सिस्टिम पार्टिशन नावाची एक छोटी पार्टिशन असते, फॅट फाइल सिस्टिमची. फर्मवेअरला फॅट वाचता येतं. कुठली फाइल चालवायची ते मदरबोर्डवरच्या कायम स्मृतीत नोंदलेलं असतं. पेन ड्राइव्हसारख्या नव्या डिस्कवर नोंद नसेल तर ठरलेल्या जागी, 'ईएफआय' फोल्डरातल्या 'बूट' फोल्डरात 'बूटएक्स६४.ईएफआय' ही फाइल शोधली जाते. ती साधा प्रोग्राम असते, हवी तितकी मोठी. प्रोसेसर तोवर ६४-बिट मोडमध्ये आलेला असतो. लिनक्सचा कर्नल तर ३.३ आवृत्तीपासून स्वतःच अशी फाइल होऊ शकतो, मधे ग्रबही लागत नाही.

शिवाय जुन्या पार्टिशन टेबलात सेक्टरचा नंबर ३२ बिटांचा. ५१२ च्या सेक्टरांनी गुणलं की २ टीबीच्या पुढे हात पोचत नाही. आज तेवढी डिस्क घरोघरी आहे.

डॉसकालीन
पैलतीर, माहिती बिनचूक आहे. पण शिकवायचं कुठलं, यावर माझं मत वेगळं. यूईएफआय म्हणजे स्वतःच एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम: त्याला फाइल सिस्टिम आहे, नेटवर्क आहे, माउस आहे. त्यापासून सुरुवात केली तर मुलगी परत विचारणार, 'मग त्याला कुणी सुरू केलं?' जुनी साखळी एका तासात पहिल्या बाइटापासून शेवटपर्यंत दाखवता येते. आधी ती, मग यूईएफआय.

पैलतीर
क्रम तुमचा मान्य. फक्त 'आजही असंच होतं' असं शिकवू नये इतकंच माझं म्हणणं. सेकंडहँड पुस्तकांत अजून तेच छापलेलं असतं.

शून्यएक
'यूईएफआयला कुणी सुरू केलं' यावर थोडं, कारण आमच्या कामातला हा सर्वांत कठीण भाग आहे आणि बाहेर कुणाला दिसत नाही.

उडी मारून आपण फर्मवेअरमध्ये आलो तेव्हा रॅम असते पण वापरता येत नाही. मेमरी कंट्रोलरला रॅमच्या पट्ट्यांची जात, वेग, तारांमधला सूक्ष्म विलंब हे सगळं जुळवून घ्यावं लागतं. ते जुळवणारा प्रोग्राम लिहायचा, पण त्याला साधं व्हेरिएबल ठेवायला रॅम नाही. इंटेलवर मग प्रोसेसरचा कॅशच (त्याच्या आतली छोटी वेगवान स्मृती) तात्पुरती रॅम म्हणून वापरतात. एएमडीच्या झेन प्रोसेसरमध्ये आणखी वेगळं: आत एक छोटा एआरएम प्रोसेसर असतो, तो आधी जागा होतो, रॅम जुळवतो, आणि मगच मुख्य प्रोसेसरला सोडतो. म्हणजे मुख्य प्रोसेसरची पहिली सूचना ही मशीनची पहिली सूचना राहिलेलीच नाही. डीडीआर५ च्या नव्या पट्ट्या बसवल्यावर पहिल्यांदा स्क्रीन बराच वेळ काळी राहते ती या जुळवाजुळवीमुळे. कृपया घाबरून बटण दाबून बंद करू नका.

तुंगभद्र
अवांतर: रास्पबेरी पाय या छोट्या संगणकातही तसंच. तिथे ग्राफिक्सचा भाग आधी उठतो. पाय ४ च्या आधीच्या बोर्डांवर तो एसडी कार्डावरून बूटकोड.बिन वाचतो, आणि एआरएम प्रोसेसरची पाळी नंतर येते.

निशिगंध
फ्लॉपी राहून गेल्याचा उल्लेख वाचून आठवलं, त्या काळी 'फ्लॉपी काढ, व्हायरस येईल' असं सगळे सांगायचे. फाइल न उघडताच व्हायरस कसा यायचा?

डॉसकालीन
कारण बायोसनं ५५ एए बघितलं की तो डोळे मिटून उडी मारायचा. फ्लॉपी बूट होणारी नसली तरी तिच्या पहिल्या सेक्टरात 'नॉन-सिस्टिम डिस्क' छापणारा प्रोग्राम असतोच. व्हायरस त्याच्या जागी बसायचा. तुम्ही मेसेज वाचून फ्लॉपी काढेपर्यंत तो हार्ड डिस्कच्या मास्टर बूट रेकॉर्डमध्ये जाऊन बसलेला. १९८६ चा लाहोरचा ब्रेन फक्त फ्लॉपीवर राहायचा, पण पुढचे हार्ड डिस्कवर गेले. १९९२ च्या ६ मार्चला मायकेलअँजेलोची जगभर धास्ती होती, त्या तारखेला तो डिस्कवर कचरा लिहायचा.

ओळखायची खूण: चेकडिस्क चालवलं की एकूण मेमरी ६,५५,३६० बाइट दिसायला हवी. ती दोन केबीनं कमी दिसली की बूट व्हायरसचा संशय घ्यायचा, कारण तो स्वतःसाठी वरची जागा राखून ठेवायचा. स्वच्छ, लिहिण्यापासून बंद केलेल्या फ्लॉपीवरून बूट करून 'एफडिस्क /एमबीआर' मारलं की बऱ्याच वेळा सुटका व्हायची.

पैलतीर
सिक्युअर बूट आलं ते याच दारासाठी. फर्मवेअर आता फाइलची डिजिटल सही तपासतं, सही नसेल तर चालवत नाही. लिनक्ससाठी मायक्रोसॉफ्टनं सही केलेला शिम नावाचा छोटा लोडर मधे असतो, तो पुढे ग्रबची सही तपासतो. दार पूर्ण बंद झालं असं नाही, २०२३ मध्ये उघड झालेला ब्लॅकलोटस हा घातक प्रोग्राम सिक्युअर बूट चालू असतानाही शिरत होता. पण 'कुणीही या' हा प्रकार गेला.

अक्षरगंगा
मंडळी, आज लॅबमध्ये केलं. क्यूईएमयू या आभासी संगणकात ५१२ बाइटांची एक फाइल हार्ड डिस्क म्हणून दिली. बायोसचा इंटरप्ट १० वापरून एक अक्षर छापायचं, मग प्रोसेसर थांबवायचा, उरलेली जागा शून्यांनी भरायची, शेवटी ५५ एए. काळ्या खिडकीत एकच 'अ' येईल असं मुलांना वाटलं होतं, पण बायोसला देवनागरी येत नाही म्हणून रोमन अक्षरावर समाधान. विंडोज नाही, लिनक्स नाही, फक्त आपला प्रोग्राम आणि मशीन. वर्गात टाळ्या वाजल्या.

आणि त्याच मुलीचा पुढचा प्रश्न: "कर्नल रॅममध्ये आला, त्यानं बायोसला विचारणं बंद केलं. आता डिस्क वाचायला त्याला एनव्हीएमईचा (एसएसडी जोडायच्या पद्धतीचा) ड्रायव्हर हवा. तो ड्रायव्हर डिस्कवर असला तर?"

तुंगभद्र
ही मुलगी मोठी होऊन कर्नलच लिहिणार! लिनक्समध्ये यावर उपाय म्हणजे इनिटरॅमएफएस. ग्रब कर्नलबरोबर आणखी एक फाइल रॅममध्ये आणून ठेवतो, तेव्हा फर्मवेअरची मदत अजून हाताशी असते. त्या फाइलमध्ये छोटी फाइल सिस्टिम, गरजेचे ड्रायव्हर, एन्क्रिप्टेड डिस्क असेल तर पासवर्ड विचारायची सोय. कर्नल त्यातून ड्रायव्हर घेतो, खरी डिस्क जोडतो, आणि मग पहिली प्रोसेस, बहुतेक ठिकाणी सिस्टिमडी, सुरू होते.

शून्यएक
विंडोजमध्ये हेच काम विनलोड करतो. बूटएमजीआर हा विंडोजचा बूट मॅनेजर बीसीडी या फाइलीतल्या बूटच्या नोंदी वाचून विनलोडला बोलावतो. विनलोड कर्नल आणतो आणि रजिस्ट्रीत 'बूट-स्टार्ट' म्हणून नोंदलेले ड्रायव्हरही फर्मवेअरच्या मदतीनं त्याच वेळी रॅममध्ये आणतो. म्हणूनच सेटअपमध्ये डिस्क कंट्रोलरचा मोड बदलला की विंडोज अर्ध्यात निळा पडदा दाखवतं: कर्नल आला, पण नव्या मोडचा ड्रायव्हर बूट-स्टार्टच्या यादीत नाही.

निशिगंध
शेवटचा सामान्य माणसाचा प्रश्न. लॅपटॉप अडला की सगळे 'बंद करून चालू कर' म्हणतात, माझा भाचा 'रीस्टार्टच दे' म्हणतो. फरक काय?

पैलतीर
भाचा बरोबर आहे. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना कर्नलची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. अडलेला ड्रायव्हरही त्याच अवस्थेत परत येऊ शकतो. रीस्टार्टमध्ये कर्नल नव्यानं सुरू होतो. दोन ऑपरेटिंग सिस्टिम ठेवणाऱ्यांनी फास्ट स्टार्टअप बंदच ठेवावं, नाहीतर लिनक्सला विंडोजची पार्टिशन अर्धवट अवस्थेत मिळते.

डॉसकालीन
मॅडम, पुढच्या तासाला त्याच फाइलमध्ये ५५ च्या जागी ०० करायला लावा आणि आधी वहीत लिहून घ्या की कोण काय छापेल. मग खरी पार्टिशन असलेली इमेज द्या आणि फक्त त्या पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरातलं ५५ एए पुसायला सांगा. दोन्ही वेळा मशीन अडेल, पण तक्रार करणारा वेगळा असेल. तो कोण हे ओळखता आलं की बूटिंग समजलं.

तुंगभद्र
आणि इमेजची प्रत काढूनच करा. डिस्कवर थेट लिहिणाऱ्या 'डीडी' कमांडमध्ये लॅबच्या खऱ्या डिस्कचं नाव पडणार नाही याकडे स्वतः उभं राहून लक्ष द्या.